हूं म्हणणारा टायर

मिस्त्री: आजी, मिश्या राहू द्या हो. आवाज कसा येतो, तेवढंच सांगा.

आजी: अरे, तेच तर सांगतेय. वारा असा सुटला, असा सुटला, की पुढच्या स्कूटरवाल्याच्या मिश्या उपटल्या गेल्या आणि फडाफडा उडत येऊन बसल्या माझ्या हेल्मेटच्या काचेवर. मी म्हटलं, भाऊ, आपला ऐवज घेऊन जा—

मिस्त्री: आणि तेव्हा गाडी आवाज करत होती?

आजी: करत म्हणजे... अधूनमधून.

मिस्त्री: नवे टायर घातल्यापासूनच ना? आधी नव्हता?

आजी: आधी कुठला! आधीचे टायर पार टकले झाले होते. मुकी गाडी होती.

मिस्त्री: कसा येतो? करकर? टकटक? शिट्टीसारखा?

आजी: शिट्टी मारायला ती काय नाक्यावरची टवाळ पोरं आहेत? चांगला घरंदाज आवाज आहे.

मिस्त्री: घरंदाज आवाज! बावीस प्रकारचे आवाज ऐकले असतील मी, हा नाही ऐकला.

आजी: घुमल्यासारखा रे. खालच्या पट्टीत. हूंऽऽ असा. मग थांबतो. मग परत, हूंऽऽ.

मिस्त्री: किती वेगाला?

आजी: मूठ जरा पिळली की. तू फक्त धोका नाही म्हण, म्हणजे मी चालले. लेकीनं फोनवरून आवाज ऐकला आणि बजावलं, मिस्त्रीला दाखवल्याशिवाय गाडी काढायची नाही. दाखवली. झालं.

मिस्त्री: दाखवली कुठं? दारात उभी करून मिश्यांची गोष्ट सांगितलीत. आणा आत... हं. हवा बरोबर आहे. चेनही सैल नाही. आता तुम्ही मागच्या सीटवर बसा.

आजी: मी? मागे?

मिस्त्री: जॅक मोडलाय माझा. गाडी मधल्या स्टँडवर आहे. तुम्ही मागे बसलात की पुढचं चाक उचललं जाईल, मग मला फिरवून बघता येईल.

आजी: मी बसले तर चाक छपराला टेकेल. मग शिडी लावून बघ.

मिस्त्री: बसा तर खरं.

आजी: ...बसले.

मिस्त्री: घट्ट धरून बसा.

आजी: काय धरू? पुढे कुणी नाहीये.

मिस्त्री: सीटमागची दांडी धरा. हां, अशी. आता ऐका, चाक फिरवतो... येतोय आवाज?

आजी: नाही.

मिस्त्री: म्हणजे बेअरिंग चांगलं आहे. ब्रेकही घासत नाही. आवाज चाकाच्या आतला नाही, टायर रस्त्याला लागतो तेव्हाचा आहे. ऐकताय ना? एकदम गप्पशा झालात?

आजी: तूच म्हणालास ना, गोष्ट नको.

मिस्त्री: मी म्हटलं म्हणून तुम्ही कधीपासून ऐकायला लागलात?

आजी: काही नाही रे. मागे बसले नव्हते. हे गेल्यापासून.

मिस्त्री: ...अरेच्चा!

आजी: काय झालं?

मिस्त्री: टायरच्या कडेला हा बाण कोरलाय बघा. चाक फिरतं त्या दिशेला याचं तोंड पाहिजे. हा मागे बघतोय. टायर उलटा बसवलाय! कुणी बसवला हा?

आजी: चौकातल्या टायरवाल्यानं. भला माणूस आहे बिचारा.

मिस्त्री: भल्या माणसाला बाण दिसला नाही?

आजी: दिसणार कसा? डोळे मिटलेले होते. हसून हसून पाणी आलं होतं त्यांना.

मिस्त्री: तुम्ही गोष्ट सांगत होतात.

आजी: भोपळ्याची. आमच्या परसात एवढा मोठा भोपळा धरला, एवढा मोठा, की त्याला दार करून आम्ही आत गाडी लावायचो. एके दिवशी सकाळी बघते तर भोपळाही नाही आणि गाडीही नाही! रातोरात वेल वाढला आणि गाडीसकट भोपळा घेऊन शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाऊन बसला.

मिस्त्री: आणि इकडे टायर उलटा. सुलटा करून देतो. आवाज जाईल.

आजी: नको.

मिस्त्री: नको म्हणजे?

आजी: असू दे तसाच.

मिस्त्री: अहो, ही नक्षी काय शोभेची आहे का? तिच्यातून पाणी बाहेर फेकलं जातं. टायर उलटा असला की पाणी खाली अडकतं. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारलात की गाडी एकीकडे आणि तुम्ही एकीकडे.

आजी: ओल्यात काढणारच नाही मी.

मिस्त्री: आणि कुणी दारात पाणी ओतलं असलं तर? एवढा कसला लळा लागलाय त्या आवाजाचा?

आजी: आमचे हे आठवतात तुला? तू काका म्हणायचास त्यांना.

मिस्त्री: हे काय विचारणं झालं? हीच गाडी घेऊन यायचे. मी म्हणायचो, काका, ऑइल बदलू? हूं. ब्रेक आवळू? हूं. त्यापुढे शब्द नाही.

आजी: तेच तर. लग्न झाल्यापासून मी मागे बसून थापा मारायची आणि पुढून हे म्हणायचे, हूं. कधी खोटं पाडलं नाही. खरं का, म्हणून विचारलं नाही. गोष्टीला हुंकार लागतो रे बाबा. तो नसला की गोष्ट वाट चुकते, मधेच कुठंतरी बसून राहते.

मिस्त्री: म्हणून गाडी शिकलात?

आजी: लोक म्हणाले, म्हातारीला चळ लागला. लागू दे. घरात भिंतींशी किती बोलायचं? पण गाडीवरही तेच. पुढे बसले तर मागे कुणी नाही. तोंडाला कुलूप. मग टायर बदलून घरी जात होते, आणि सवयीनं काहीतरी बोलून गेले. कावळ्याचं काहीतरी. बोलले आणि मूठ पिळली. आणि खालून आलं, हूंऽऽ. आता छान जमलंय मला. वाक्य संपलं की मूठ जराशी पिळायची. अगदी वेळेवर म्हणतो.

मिस्त्री: नक्षी झिजली की हा आवाज तसाही बदलेल, आजी.

आजी: बदलेल तेव्हा बदलेल. तोवर तर आहे ना?

मिस्त्री: एक विचारू? काकांना म्हटलं असतं, आजी ही गाडी चालवणार आहेत, टायर उलटाच ठेवू का? तर काय म्हणाले असते?

आजी: ...हूं नसते म्हणाले.

मिस्त्री: मग?

आजी: जन्मात पहिल्यांदा 'नाही' म्हणाले असते. मेल्या, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. काढ तो. उतरू का मी?

मिस्त्री: उतरू नका. चाक काढायचंय, पुढून हलकी राहायला हवी गाडी. बसून राहा तशाच.

आजी: बसते. आणि तोंडही मिटून बसते. नाहीतर तूही उलटा घालशील.

(बराच वेळ फक्त पान्याचा आवाज.)

मिस्त्री: आजी.

आजी: काय रे?

मिस्त्री: बाणावर खडूनं खूण केलीय. आता चुकायचा नाही.

आजी: बरं झालं.

मिस्त्री: तो भोपळा गच्चीवर गेला. मग पुढे?

आजी: तू हसशील.

मिस्त्री: नाही हसणार.

आजी: खरं का म्हणून विचारशील.

मिस्त्री: मी कशाला विचारतोय? माझं डोकं चाकात आहे.

आजी: बरं, ऐक मग. आमचे हे वेलाला धरून वर चढले. भोपळ्याचं दार उघडलं, आत शिरले, गाडीला किक मारली. आणि गाडी राहिली बाजूला, भोपळाच चालायला लागला.

मिस्त्री: हूं.