नवरीचं तिरकं नाव

चेन्नईत, टी. नगरच्या छापखान्यात आपल्या लग्नपत्रिकेच्या प्रुफावर न वाचताच सही ठोकून देविका निघाली, तोच कानावर चक्क मराठी पडली. बाकावर बाप-लेक मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ बघत होते.

"बाबा, कुशलचं नाव सरळ, ठसठशीत. माझंच तिरकं का?"

"इटॅलिक म्हणतात त्याला. बघ, कसं नाजूक, शेपटीदार! मुलीच्या नावाला शोभतं."

"वा! आणि माझं एम.टेक. कुठे गेलं?"

"ओळीत मावेना गं."

"त्याचं बी.कॉम. बरं मावलं!"

"उगाच फाटे फोडू नकोस. शिवाय हे अक्षर जागाही कमी घेतं."

"छान! म्हणजे सासरी अगदी सोयीचं."

देविका मागे फिरली आणि काउंटरवरून तिने सही केलेलं प्रूफ परत मागून घेतलं.