नव्या लेन्समधून दिसलेली लेक

माझ्या लेन्सची गंमत तुम्हाला सांगायचीच राहिली. माझी बुबुळं वेडीवाकडी, चष्मा लावूनही एका दिव्याचे चार दिवे दिसायचे. म्हणून डॉक्टरांनी स्क्लेरल लेन्स दिल्या. या चांगल्या मोठ्या असतात, आत सलाइन भरून, मान खाली घालून डोळ्यात बसवायच्या. पहिल्या सकाळी निम्मं सलाइन माझ्या ड्रेसवर सांडलं, पण बसल्या एकदाच्या. आता लेकीचा चेहरा नीट दिसणार म्हणून पाळण्यावर वाकले, तर तिच्या गालावर काजळाच्या चार तिटा.

मी तर एकच लावली होती. म्हणजे या लेन्सही फुकट. लेकीला आणि सासूबाईंना रिक्षात घालून थेट दवाखाना गाठला.

"डॉक्टर, अजून एकाचे चारच दिसतात."

त्यांनी बाळाकडं पाहिलं. "ताई, चारच आहेत."

मी सासूबाईंकडं वळले. त्या मूळच्या गंगापूरच्या, शांतपणे म्हणाल्या, "एक म्या लावली, एक तुझ्या नणंदेनं. लेकराला नजर लागू नाय म्हणून."

"आणि बाकीच्या दोन?"

"त्या तुझ्याच. एक लावून गेलीस, ती दिसली नसंल, परत येऊन दुसरी लावलीस. म्या म्हनलं, आई हाय, लावू दे."