तांबड्या दिव्याचा गुण

१९५६ साली मुलुंडच्या एका दवाखान्यात शेक द्यायचा नवा दिवा आला होता. आखडलेली मान घेऊन श्यामकांत बाकावर बसला होता. मान वळत नव्हती, त्यामुळे शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं तो समोरच्या भिंतीकडे बघत ऐकत होता.

"दिव्यानं कधी खांदा बरा होतो का गं, जयंती?"

"होतो, आई. काचेत गॅस भरलेला असतो म्हणे. किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण ऊब आतपर्यंत जाते."

"दिसतच नाहीत, तर आत गेले हे डॉक्टरला कळतं कसं?"

"तुमचं दुखणं तरी कुठे दिसतं? मी विश्वास ठेवलाच ना?"

"अगं, हात कमरेच्या वर जात नाही माझा! गणपतीपासून पाट्याला शिवले नाही मी."

"ठाऊक आहे. वाटण मीच वाटतेय."

"आणि काय ते जाडंभरडं वाटतेस!"

इतक्यात डॉक्टरांनी आतल्या खोलीत दिवा लावला. तिन्हीसांजेच्या अंधारात तांबडा उजेड थेट बाकापर्यंत आला. दिवा लागलेला बघून म्हातारी उठली, श्यामकांतच्या पुढ्यातच उभी राहिली आणि दोन्ही हात जोडून तिनं कपाळाला लावले.

"आई! हात!"

"अगो बाई! काय गुणाचा दिवा! लांबूनच हात उचलला की गं माझा."

"मग चला घरी. उद्यापासून पाटा तुमचा."

"थांब गं, आधी शेक घेऊ दे. एवढ्या लांबच्या उजेडाचा गुण घरापर्यंत टिकायचा आहे थोडाच?"