आमच्या शाळेत जंत नाहीत

नाहीत म्हणजे नाहीत! तुम्हाला सांगतो, आमच्या शाळेत जंत नाहीत. हेडमास्तरांच्या खुर्चीमागे चौकटीत प्रमाणपत्र लटकतंय, सही-शिक्क्यासकट. आणि त्याच चौकटीखाली उभी राहून पोरं ढुंगण खाजवतात... आता बोला!

झालं काय, तपासणीवाल्या बाई आल्या, माझ्या दुसरीच्या वर्गात अडतीस डब्या वाटल्या, झाकणांवर नावं घातली आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी वाटाण्याएवढी शी घालून आणायची हं." हेडमास्तरांना गप्प कुठलं राहवतंय! घसा खाकरून म्हणतात कसे, "ही परीक्षा आहे बरं का मुलांनो, शाळेची अब्रू तुमच्या हातात आहे." हातात! अहो, त्या हातांवर पाणी घालायला एक नळ, तोही अकराला जातो. साबण कपाटात, कारण पोरं म्हणे तो संपवतात. आणि संडासाला कुलूप, कारण पोरं म्हणे तो घाण करतात! मग जातात कुठं? भिंतीमागं, अनवाणी.

दुसऱ्या दिवशी अडतीसच्या अडतीस डब्या हजर. मला भरूनच आलं हो, असा गृहपाठ या वर्गानं जन्मात पूर्ण केला नव्हता!

निकाल लागला. एकाही पोराला जंत नाहीत. एकाही? अहो, माझी धाकटी त्याच वर्गात. हातपाय काडीसारखे, पोट टम्म, पाटीवरची पेन्सिल कुरतडून खाते आणि तिसऱ्या तासाला बाकावर झोपते... तिलाही नाहीत? घरी समोर बसवली, विचारलं. तर म्हणते, "बाबा, परीक्षा होती ना? मग आम्ही सगळ्यांनी कंपाउंडरच्या मुलाचीच घेतली. तो हुशार आहे."

कंपाउंडरचा मुलगा! घरात नळ, पायात बूट, दर सहा महिन्यांनी जंताची गोळी. सगळ्या वर्गाला पुरला बिचारा! मी तडक हेडमास्तरांकडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "गुरुजी, तुमच्या वर्गात कॉपी झाली असं वर कळवू का?" आलो तसाच वर्गावर परत. आमच्या वाटच्या गोळ्या गेल्या दुसऱ्या शाळेला. आम्हाला कशाला? आमच्या शाळेत जंत नाहीत!

धाकटीला मी विकत आणून गोळी दिली. महिनाभर काय सुधारली पोर, गाल वर आले... आणि मग पुन्हा तेच पोट, तीच पेन्सिल. डॉक्टर म्हणाले, तिच्या एकटीच्या गोळीनं काय होणार, सगळ्या वर्गानं एकदम घ्यायला हवी, नाहीतर तीच माती, तेच हात. सगळ्या वर्गानं! जंत नसलेल्या?

आणि परवा प्रार्थनेला बघतो तर काय, कंपाउंडरचा मुलगा खाजवतोय. दोन्ही हातांनी! लाज वाटते सांगायला, पण आनंद झाला हो मला. म्हटलं, सुटलो! येत्या सोमवारी फेरतपासणी, पोरं पुन्हा ह्याच्याच दारात रांग लावणार, सगळा वर्ग एकदम नापास आणि अडतीस गोळ्या मंजूर! धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवून सांगितलंसुद्धा, थोडं थांब बाळा, तुझं पोट बरं होणार.

आज सकाळी त्याला जवळ घेतलं, अगदी मायेनं विचारलं, "काय रे, अजून खाजतं का?"

"नाही गुरुजी," तो म्हणाला, "बाबांनी कालच गोळी दिली."

शाबास म्हटलं, बस जागेवर. दुसरं काय म्हणणार? आमच्या शाळेत जंत नाहीत.