सायकलचं माप

पायाची आतली लांबी

मिस्त्री : ...आणि ही तुमची चौथी खेप, टेलरबाई. चार वेळा आलात, चार वेळा माझा चहा प्यायलात, पण अजून एकाही सायकलवर बूड टेकवलं नाहीत.

ताई : बघतेय ना मी! बघायला बंदी आहे का दुकानात?

मिस्त्री : बंदी कसली? पण सायकल बघून कळत नाही. तुम्ही नाही का गिऱ्हाइकाला कपडा अंगात घालून आरशासमोर उभं करत? तसंच हे.

धाकटी : सांगा, मिस्त्री, तुम्हीच सांगा. सोनारानंच कान टोचावे लागतात. तीन महिने ही बाई जेवताना मोबाईलवर सायकली बघतेय. मला विचारते, सत्तावीसचं चाक बरं की एकोणतीसचं? मी म्हटलं, गोल असलं म्हणजे झालं.

ताई : तू पोरांना पोहायला शिकव गं. चाकातलं तुला काय कळतं?

धाकटी : बुडत नाही, एवढं कळतं.

मिस्त्री : बरं, मागच्या खेपेला तुम्ही माप सांगून गेलात. पायाची आतली लांबी सत्तावीस. त्या हिशोबानं पंधराची फ्रेम काढून ठेवलीय. ही घ्या. ओलांडून उभ्या राहा.

ताई : नुसतं उभं?

मिस्त्री : नुसतं उभं. आता बसा. मी धरलीय. पाय पेडलवर... बाई, गुडघे कुठे चाललेत तुमचे? हनुवटीला लागतील अशानं.

धाकटी : सर्कशीतलं अस्वल दिसतेयस, ताई.

ताई : फ्रेमच लहान बनवलीय यांनी.

मिस्त्री : नाचता येईना अंगण वाकडं! फ्रेम बरोबर आहे. सत्तावीस कुठून आणलंत?

ताई : माझ्या मापाच्या वहीतून. माझ्याच पँटचं माप आहे. तीस वर्षं लोकांचे पाय मोजतेय मी, चुकेन कशी?

मिस्त्री : मोजलंत कुठपर्यंत?

ताई : घोट्यापर्यंत. पँट घोट्यापर्यंतच अस... अगंबाई.

मिस्त्री : सायकलला जमीन लागते, टेलरबाई. घोट्यावर उभं राहता येत नाही.

धाकटी : हे मी सगळ्यांना सांगणार आहे. सगळ्यांना.

मिस्त्री : चपला काढा, भिंतीला पाठ लावा. हे जाडं पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरा, घट्ट, वरपर्यंत. आता तुमची टेप द्या... तीस. हे बघा, तीनचा फरक. तुम्हाला सतराची फ्रेम लागणार. आणि वहीतलं माप किती सालचं?

ताई : जुनं आहे थोडं.

मिस्त्री : गिऱ्हाइकाचं चालवता जुन्या मापावर?

ताई : छे! गेल्या आठवड्यात येऊन गेलेलं माणूस आलं तरी नव्यानं घेते. अंग बदलतं माणसाचं.

शिवण

मिस्त्री : आता सतरामध्ये तीन आहेत. ही लाल. ही राखाडी. आणि ती मागची हिरवी, ती वापरलेली आहे, एकच हंगाम. बजेट किती म्हणालात?

ताई : ओव्हरलॉकचं दुसरं मशीन विकलंय. त्यात सायकल बसली पाहिजे. एक पैसा वर नाही.

मिस्त्री : हेल्मेट धरून?

ताई : हेल्मेट वेगळं घ्यावं लागतं?

धाकटी : डोकं वेगळं असतं ना, ताई, म्हणून.

ताई : लाल छान दिसतेय. पुढे शॉकअप, मागे शॉकअप. आणि स्वस्त आहे.

मिस्त्री : म्हणूनच घेऊ नका. इतक्या किमतीत मागचा शॉकअप म्हणजे नुसता दागिना. वजन वाढवतो, चढावर तुमचा जोर खातो, नि वर्षात करकरायला लागतो. पुढचा एक पुरे. तो तरी बरा हवा.

ताई : थांबा. मला जोड बघू दे. ही सीटची नळी नि ही खालची नळी... हं. शिवण वाकडी आहे.

मिस्त्री : वेल्डिंग म्हणतात त्याला.

ताई : काहीही म्हणा. एक टाका मोठा, एक लहान, इथे तर दोरा संपल्यासारखा गोळा झालाय. माझ्या दुकानात असं कुणी केलं असतं तर उसवायला लावलं असतं. आणि ही हिरवी... अहो, ही काय सुबक आहे! एकासारखा एक टाका.

मिस्त्री : वीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नाही मी. डोळ्यानं बरोबर उचललंत. हिरवीला पुढे एकच दातेरी चक्र, मागे नऊ. गिअर कमी, पण नेमके. ब्रेकही तेलाचे आहेत, दोन बोटांत थांबते. वापरलेली असली म्हणून काय झालं, राखाडीपेक्षा दोन पावलं पुढे आहे. बसून बघा, स्टँडवर लावलीय. जायचंय कुठे हिच्यावर?

ताई : टाकीच्या टेकडीवर. पाण्याची टाकी आहे ना, तिच्या मागून जी मातीची वाट जाते, तिथे. पंचविशीपर्यंत रोज जायचे. सकाळी दुकान उघडायच्या आधी. वरून सगळं गाव दिसतं नि कुणालाच आपल्याकडून काही शिवून घ्यायचं नसतं.

मिस्त्री : मग सायकल सोडलीत का?

ताई : सोडली.

मिस्त्री : का, विचारलं मी.

धाकटी : मिस्त्री, चहा आहे का अजून?

बाही, डावी

मिस्त्री : चहा देतो, पण एक विचारू? मघापासून बघतोय. तुमच्या शर्टाची डावी बाही उजवीपेक्षा आखूड आहे. फॅशन का?

धाकटी : आमच्या शाळेतल्या दोघींना तसंच वाटलं होतं. ताईकडे तशाच बाह्या शिवून घ्यायला आल्या होत्या.

ताई : फॅशन नाही. हिचा डावा हात कोपरातून सरळ होत नाही. लांब बाही केली तर मनगटाशी चुण्या पडतात. म्हणून दीड इंच कमी घेते मी. अठ्ठावीस वर्षं घेतेय.

मिस्त्री : अपघात?

ताई : मी.

धाकटी : ताई, पुरे ना.

ताई : विचारलंय त्यांनी. टाकीच्या उतारावरून येत होतो. ही कॅरिअरवर. मी म्हटलं, ब्रेक न लावता खाली जाऊ. विजेच्या खांबाशी वळण आहे, तिथे मी लावला. नुसता पुढचाच. हिचं कोपर मोडलं. मला खरचटलंसुद्धा नाही. सायकल दुसऱ्या दिवशी भंगारात दिली.

मिस्त्री : हं. म्हणून तुम्ही मघापासून दोन्ही ब्रेक दाबून बसलाय होय! सोडा की. सायकल स्टँडवर आहे.

ताई : सोडते.

मिस्त्री : नाही सोडलेत.

ताई : सोडतेय!

धाकटी : बोटं पांढरी पडली बघ.

ताई : मिस्त्री, राहू द्या. आवडली सायकल, पण राहू द्या. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही खोटं नाही. माझं बजेट पाळलं गेलं, तुमचा चहा फुकट गेला, झालं.

धाकटी : ती राखाडी सतराची आहे ना, मिस्त्री? मला बसेल?

मिस्त्री : तुमची उंची त्यांच्याइतकीच. बसेल.

ताई : तू कुठे बसतेस? उतर. तुला हँडल धरता यायचं नाही.

धाकटी : बघू तर. अशी ओलांडायची... असं बूड... आणि असे हात. झालं! दिसतेय की नाही झकास?

ताई : थांब.

धाकटी : काय?

ताई : हलू नकोस. हात तसेच ठेव.

धाकटी : ठेवले. का?

ताई : डावं कोपर सरळ आहे.

धाकटी : ताई, ते असं आहे ना...

ताई : उजव्याइतकंच सरळ आहे. मिस्त्री, तुम्हाला दिसतंय ना? मलाच दिसतंय का?

मिस्त्री : मी आतून चहा आणतो.

(मिस्त्री आत जाऊन बराच वेळ तिथेच थांबतो.)

ताई : कधीपासून?

धाकटी : रागावणार नसशील तर सांगते.

ताई : रागावणार आहे. सांग.

धाकटी : पोहायला लागले त्यानंतर दोन-तीन वर्षांत. पाण्यात हळूहळू सुटलं. एके दिवशी वरचं डबडं काढायला हात वर केला, तर पूर्ण गेला.

ताई : म्हणजे पंचवीस वर्षं!

धाकटी : सांगायलाच आले होते तुला. धावत आले होते. तू माझ्या वाढदिवसाचा शर्ट शिवत होतीस. डाव्या बाहीवर वाकली होतीस. इतकी जपून कातरत होतीस की... मला म्हणालीस, बघ, कुणाला कळणारसुद्धा नाही. मग कसं सांगू? म्हटलं, हा शर्ट होऊ दे, पुढच्याला सांगेन.

ताई : आणि पुढचा आला.

धाकटी : आणि त्याच्या पुढचा. आता तर तू समोर आलीस की हात आपोआप वाकतो. खरंच. तू गेलीस की सरळ.

ताई : अगं, थंडीत मनगट उघडं राहत असेल!

धाकटी : डावा हातमोजा लांब घेते.

ताई : गाढव आहेस.

धाकटी : आणि तू? गेल्या आठवड्यातलं माणूस आलं तरी नव्यानं माप घेतेस म्हणे. माझं कधी घेतलंस? एकदा तरी?

ताई : हिंमत होत नव्हती गं. टेप कोपरावरून न्यावी लागते ना. तिथे आली की... वहीत होतं, तेच चालवलं.

धाकटी : मग आता ने.

ताई : हात खाली सोड. खांद्यापासून... अंग सैल ठेव, शिरा ताणून मला खूश करू नकोस. कोपर... मनगट. साडेबावीस.

धाकटी : आणि उजवी?

ताई : साडेबावीस.

धाकटी : पंचवीस वर्षांचं दीड-दीड इंच कापड वाचलं बघ. जोडलंस तर सायकलला खोळ होईल.

ताई : हसवू नकोस. डोळ्यातलं पाणी हिरव्या रंगावर पडतंय, मिस्त्री पैसे मागेल.

मिस्त्री : मी आलोय, ऐकतोय. पैसे नाही मागत. चहा घ्या, नि एक काम करा. दोन्ही सायकली घेऊन टाकीपर्यंत जा. चढावर हलका गिअर लावा, न लाजता. उतारावर दोन्ही ब्रेक एकदम, दोन-दोन बोटांनी, हळू. पुढचा एकटा कधीच नाही.

ताई : आणि आम्ही पळालो तर?

मिस्त्री : तारण ठेवा काहीतरी.

ताई : काय ठेवू? ही टेप चालेल?

धाकटी : बाई गं! मिस्त्री, ही झोपतानासुद्धा ती गळ्यातून काढत नाही.

मिस्त्री : मग नक्की परत येतील. द्या.

उतार

धाकटी : दम लागला?

ताई : नाही... मी नुसती... टाकी बघतेय.

धाकटी : दहा मिनिटं?

ताई : मोठी आहे ती. बघायला वेळ लागतो.

धाकटी : पण आलीस वर. मध्ये एकदाच उतरलीस.

ताई : दोनदा. एकदा तुला दिसलं नाही. काय गं, किती घरं झाली खाली! माझं दुकान कुठलं?

धाकटी : ते निळ्या पत्र्याचं. चल, निघू या?

ताई : तू पुढे हो.

धाकटी : घाबरलीस?

ताई : हो. आणि मला तुझे हात दिसायला हवेत. कोपरं बघू देत मला नीट.

धाकटी : बघ हवी तेवढी. दोन बोटं, ताई! दोन्ही ब्रेक!

ताई : दोन बोटं! दोन्ही! ओरडू नकोस, माहितेय मला! अगं, ही खडीवर हादरत नाही फारशी!

धाकटी : पुढचा शॉकअप खातोय सगळं!

ताई : तुझं डावं कोपर जरासं वाकलंय!

धाकटी : उजवंही वाकलंय! वाकवायचंच असतं खडीवर!

ताई : हो की! सारखीच वाकलीत! दोन्ही सारखी!

धाकटी : तू हसतेयस का मागे?

ताई : वारा आहे! बडबड करू नकोस, समोर बघ. आणि ऐक, ते खांबाचं वळण आलं की आधीच सांग मला. मी उतरून चालत येईन.

धाकटी : ते वळण मागे गेलं, ताई.