आत्याचा वाटा

न्हाई, न्हाई काका, त्या स्टुलावर बसा, ह्याच्यावर रेडियमच्या पट्ट्या हायेत, पँटीला चिकटतील — आन तिला हात नका लावू, गोंद ओला हाय. बोटाएवढी बाई, तिच्या हातातला कंदील ज्वारीच्या दाण्याएवढा, तो मोडला कसा सत्यमनं? खिशात ठेवली असंल. गाडीच्या किल्लीसंगं. मी तिला मूर्तीसारखी जपली, लुगड्याचे काठ एका केसाच्या ब्रशनं रंगवले, आन ह्यानं किल्लीसंगं ठेवली! उद्या नांदेडला जायचंय तर आजच्या आज चिकटवून दे म्हणला — हाव का? आन सोता आला न्हाई. शंकरप्पा काका, तुमाला पाठवलं, सख्ख्या काकाला, चष्म्याच्या डबीत कापूस घालून. बरोबर हाय. त्याला यायला तोंड कुठंय?

मी कामून जात न्हाई? सांगितलं की त्याला, डोकं दुखतंय म्हणून — बरं, न्हाई दुखत. तुमी असं बघू नका माझ्याकडं. बाहुल्या न्हाईत त्या काका. तुमच्या दालमिलच्या वरच्या खोलीत आमी दर रविवारी बसतो ते काय बाहुल्या खेळायला? हीरो हायेत ते. कोण उडतो, कोण आग फेकतो, कोण भिंत पाडतो. खोक्यावर इंग्रजी नावं हायेत, ती कुणाच्या तोंडात बसतात! आमी आपली ठेवली — घार, तडतडी, धुरळा, रेडा. ही आत्या. चटईवर आपली टोळी मांडायची, समोरच्यानं त्याची मांडायची, मग फासे टाकून मारामारी. पण खरा खेळ चटईवर न्हाईच. खरा खेळ त्याच्या आधी — टोळीत कोण घ्यायचं, कोण सोडायचं. उद्या नांदेडात विष्णुपुरीला जी स्पर्धा हाय ना, ती तिघातिघांच्या संघांची हाय. सत्यम, अक्षरा आन मी. आन नियम असा, की संघातल्या एकानं घेतलेला हीरो दुसऱ्यानं घ्यायचा न्हाई. मग काय होणार? घार तर तिघांनाबी पाहिजे! पयल्या वर्षी सत्यम आन अक्षरा घारीवरून इतके भांडले, की तिनं फासे खिडकीबाहेर फेकले, तुमच्या हमालानं पोत्यावरून गोळा करून आणले — आठवतंय? तवा मी म्हणलं, आमच्या गावात शेत वाटतात तसं करू. एकानं वाटे घालायचे आन त्यानंच शेवटी उचलायचं. मग तो कुणाचा वाटा बारीक करंल? केला तर तोच त्याच्या पदरात. आमच्या अप्पानं तसेच वाटे घातले हुते. चुलत्यांनी आधी उचललं, अप्पाला वढ्याकडचं खडकाळ बरड आलं. अप्पा आजबी सांगतो लोकांना, छाती फुगवून — वाटे मी घातले, शेवटी मी उचललं, कुणी बोट दाखवलं न्हाई.

तर वाटे घालायचो मी. दर वेळी मीच. कामून म्हणजे — मला बोलायचं न्हाई पडत त्यात. तीन ढीग लावायचे आन गप बसायचं. ते दोघं उचलतात, उरलं ते माझं. चालतंय. मला काय बी चालतंय — हे वाक्य माझं हाय काका, लहानपणापासून. घरातून एकालाच क्लासला घालायचं ठरलं तवाबी मीच म्हणलं, भावाला घाला, बसवंतला, मला चालतंय. नववीतून उठलो आन ह्या टपरीत बसलो. लोकांच्या गाड्यांवर 'आईचा आशीर्वाद' चिकटवतो. त्याचं काय न्हाई. ते जाऊ द्या. ते कुठं आलं मधीच.

गेल्या रविवारचं ऐका. मी ढीग लावले. एकावर घार, वरच ठेवली, पंख पसरून. दुसऱ्यात तडतडी, विजेची, अक्षराला आवडती. तिसऱ्यात उरलंसुरलं — रेडा, धुरळा आन ही म्हातारी आत्या. आन आता सत्यमचा नंबर, तर सत्यम काय म्हणतो? मागं सरकून बसला, हात जोडले आन म्हणला, संगमेश, दर वेळी तू शेवटी राहतो, ह्या बारी तू पयला उचल. मी शेवटी घेतो. आन अक्षरानं टाळ्या वाजवल्या! मन मोठं हाय म्हणली तुझं! मी म्हणलं न्हाई, नियम हाय, वाटे मी घातले. तर दोघं हसायला लागले. अरे लाजतो काय, उचल की! माझं तोंड लाल झालं. दोघंबी माझ्याकडं बघून राहिले. मी घारीचा ढीग उचलला. आन सत्यमनं तिसऱ्यावर हात ठेवला आन काय म्हणला म्हाईत हाय? मला काय बी चालतंय. माझं वाक्य! माझ्या तोंडावर!

हसू नका. चांगलंच केलं म्हणता त्यानं? घार भेटली, आणखी काय पाहिजे म्हणता?

काय? काय म्हणला घरी? परत सांगा. जेवताना — आईला — 'बिचारा दर वेळी उरलेलं घेतो, म्हणून ह्या बारी त्याला आधी दिलं.' बिचारा म्हणला? असंच म्हणला? आन तुमच्या वहिनी काय म्हणल्या — पोरगं गरीब हाय, सांभाळून घेत जा? सांभाळून! मी काय दारात उभा हुतो का ताट घेऊन? बिचारा! अहो काका, तो तिसरा ढीग म्या माझ्यासाठी लावला हुता! कळलं का? दोन महिने झालं मी झोपताना तीच टोळी मनात मांडतोय. रेडा पडून उठला की दुप्पट मारतो. पण उठणार कसा? तर आत्या जवळ असली आन तिनं कंदील वर केला की पडलेला उठतो. आन आत्या तर एका फटक्यात मरते, तिला सांभाळायला धुरळा — त्याच्या धुळीतून लांबचं कुणाला दिसत न्हाई. एकेकटे बघा, तिघंबी भंगार. एका जागी उभे करा, मग घार येऊ द्या न्हाईतर तिचा बाप येऊ द्या! कुणाच्या ध्यानात येऊ न्हाई म्हणून तर घार वर ठेवली, पंख पसरून, डोळा तिकडंच जावा म्हणून. तडतडी अक्षराच्या बाजूला सरकवली. मला म्हाईत हुतं सत्यम काय उचलणार, अक्षरा काय उचलणार. सगळं बसवलं हुतं मी! बिचारा न्हाई मी! मग माझा पयला नंबर आल्यावर मी आत्याचा ढीग कसा उचलू? घार सोडून म्हातारी? त्यांनी विचारलं असतं ना, का रे?

काय म्हणता? फसवलं म्या त्यांना?

न्हाई, त्यांना वाईट दिलं न्हाई मी. घार घारच हाय. कुणाचा वाटा बारीक केला न्हाई, देवाशप्पथ. फक्त — माझा जरा झाकला. अप्पाला हे सांगू नका. अप्पा बाजारात भेटतो तुमाला, त्याला न्हाई सांगायचं. तो म्हणंल, मी बरड घेतलं आन माझ्या पोरानं ढीग झाकला.

आन सत्यमलाबी — थांबा. सत्यमला सांगा. न्हाई, सांगाच. जेवताना सांगा, त्याच्या आईसमोर. लबाड म्हणू द्या मला. लबाड चालंल. संगम्या लई बेरकी निघाला म्हणू द्या, अक्षरालाबी सांगू द्या. पण बिचारा म्हणायचं न्हाई. ती मेहरबानी त्यानं खिशात ठेवावी, किल्लीसंगं.

काय, आत्या? तिला न्हाई देत तुमच्याजवळ. गोंद वाळला तरी न्हाई देत. तो कुठं उभी करतोय तिला, मागं ना, एकटी, कोपऱ्यात? वाटलंच मला. तिला काय शोभेला ठेवायचं हाय का! त्याला म्हणावं इथं ये. संध्याकाळच्या आत ये, अक्षराला घेऊन ये, सगळे हीरो घेऊन ये. मी परत वाटे घालतो. ह्या बारी घार आन आत्या कुठल्याबी ढिगात ठेवीन, झाकणार काय न्हाई, सगळे उताणे ठेवतो, कोण काय करतं ते तोंडानं सांगतो. मग दोघांनी आधी उचलायचं. तिघं मिळून सकाळची नांदेडची गाडी धरू. पण माझा शेवटचा नंबर मला परत पाहिजे.

एवढंच सांगा. आन ही डबी घ्या, रिकामीच न्या. हेल्मेट ऱ्हायलं बघा स्टुलाखाली. — न्हाई, आता काय बोलू नका. निघा तुमी.