घंटीचं झबलं

मंडळी, एक सांगा. आपण एखाद्यावर माया करतो – ती त्याला पोचते की आपल्यापाशीच राहते? माना डोलावू नका, अजून मी काहीच सांगितलेलं नाही!

जयसिंगपुरात एक हेमलताबाई होत्या. हाताला कला मोठी! फेल्ट असतं ना, ते लोकरीसारखं जाड, मऊ कापड – ते कापायचं, कडेनं काजाचा टाका घालायचा आणि दिसेल त्या वस्तूला कपडे शिवायचे. रिमोटला बंडी. चष्म्याला दुलई. मिक्सरला झालरीचा झगा! नवरा म्हणायचा, "अगं, मी आंघोळीहून उघडा येतो, आणि साबणदाणी नटलेली असते!"

तुमच्याकडे नाही असं? सोफ्याला कव्हर, कव्हरवर चादर – पाहुणे आले की काढायची, गेले की घालायची! हसा, हसा. बघा, कोण हसत नाही ते. त्यांच्याच घरी आहे!

तर बाईंचे सासरे, तात्या. दुखण्यातून उठलेले, आवाज खोल गेलेला, कानानं फारच कमी. पण सुनेच्या कामावर भारी जीव. रंग तेच निवडून द्यायचे. हाक मारता येईना, म्हणून उशाशी पितळी घंटी. बाईंना वाटलं – सगळ्या घराला कपडे, आणि तात्यांची घंटी तेवढी उघडी? शिवलं झबलं! त्यावर हिरवा पोपट. धूळ जाऊ नये म्हणून खालूनही बंद. आतल्या वाजणाऱ्या लोलकाला वेगळं टोपडं!

तात्या खूश. पाणी हवं, घंटी हलवली. कुणी येईना. पुन्हा हलवली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच. सून आतल्या खोलीत, मान खाली घालून टाके घालतेय. तात्यांना वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करते! मग विचारायचं ना? छे! म्हाताऱ्याचा मान मोठा. थेट लेकीला निरोप – मला घेऊन जा.

लेक आली. नलूवन्सं. आल्या त्या तोफ घेऊनच!

"वहिनी, मिक्सरला झगा शिवायला वेळ आहे, बापाला पाणी द्यायला नाही?"

"वन्सं, त्यांनी मागितलंच नाही हो!"

वन्संनी तात्यांची पिशवी भरली. घरात हेमलताबाईंच्या कामाला न हसणारा एकच माणूस, तोच निघाला! त्यांनी तात्यांचे पाय धरले, कानाशी ओरडल्या, "माझं चुकलं काय?"

तात्या संतापले. उचलली घंटी, सुनेच्या नाकासमोर गदागदा हलवली – "अशी वाजवतो! रोज!"

टुप. टुप. टुप.

वन्सं घंटीकडे बघतायत. बाई पोपटाकडे. तात्या मात्र हलवतायत! आपल्याला ऐकू येत नाही ते कानामुळं, असा त्यांचा पक्का समज!

"तात्या," लेक त्यांच्या कानाशी ओरडली, "ही वाजतच नाही."

हेमलताबाईंनी रडत कात्री घेतली. तात्यांनी हात धरला. "शिवण उसव. पोपट कापू नको. रंग माझा आहे." मग पिशवी बाजूला सरकवत म्हणाले, "आणि आता पाणी दे!"

झबलं तात्यांनी पायाच्या अंगठ्यावर चढवलं. ऊब छान येते म्हणे!

मंडळी, बाईंची माया खोटी होती का? मुळीच नाही. टाकान् टाका खरा. फक्त ज्याच्यासाठी शिवलं, त्याचंच तोंड त्यात शिवलं गेलं! आपणही मुलांसाठी राबतो, देवाला मखर सजवतो. आपल्याला हवं ते सगळं करतो. समोरच्याला काय हवंय, ते विचारायचं राहतं. तेव्हा माझ्या पाया पडायला रांग लावू नका. घरी जा. ज्याला आज इथं आणलं नाहीत, त्याला विचारा – तुला काय हवंय? आणि उत्तर येईपर्यंत तिथंच बसा!